कॉमर्समध्ये पीएचडी? आधी प्रश्न तर शोधा!

एमकॉम झाल्यावर पुढे काय, याची आपल्याकडे तीन-चार ठरलेली उत्तरं आहेत. सीएचे राहिलेले ग्रुप सोडवा, बँकेच्या परीक्षा द्या, एमपीएससीला बसा, नाहीतर नेट-सेट काढा आणि पीएचडीला रजिस्ट्रेशन करा. यातल्या शेवटच्या वाटेवरचे नियम गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा बदललेत, की पाच वर्षांपूर्वी पीएचडी झालेल्या सीनियरचा सल्ला आज तसाच्या तसा वापरता येत नाही. तरीही अकाउंटिंग आणि फायनान्समध्ये पीएचडी करू पाहणाऱ्यांची रांग काही कमी होत नाही. ही रांग नेमकी कशासाठी लागलीय, ते एकदा नीट बघायला हवं.

आधी नियम. नोव्हेंबर २०२२ मध्ये यूजीसीने पीएचडीचे नवे नियम आणले. एमफिल बंद झालं. पीएचडीला कोर्सवर्क धरून किमान ३ वर्षं आणि कमाल ६ वर्षं. रि-रजिस्ट्रेशन करून आणखी २ वर्षं मिळतात. मुलींना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर अजून २ वर्षं. थीसिस जमा करण्याआधी जर्नलमध्ये पेपर छापून आलाच पाहिजे, ही यूजीसीची अट गेली. नोकरी करता करता पार्टटाइम पीएचडी करायला दार उघडलं, फक्त नोकरी देणाऱ्याचं ना-हरकत पत्र हवं.

मग मार्च २०२४ मध्ये यूजीसीने सांगितलं की विद्यापीठांच्या वेगवेगळ्या प्रवेश परीक्षांऐवजी नेटचाच स्कोअर चालेल. नेटचे तीन गट झाले: जेआरएफवाले, सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र ठरलेले आणि फक्त पीएचडी प्रवेशापुरते पात्र ठरलेले. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातल्यांसाठी नेटच्या गुणांना ७० टक्के वजन, मुलाखतीला ३० टक्के. आणि पीएचडी प्रवेशासाठी हा स्कोअर चालतो एकच वर्ष. या नव्या पद्धतीची पहिली नेट १८ जून २०२४ ला झाली आणि दुसऱ्या दिवशी रद्दही झाली. प्रत्येक विद्यापीठाने बदल आपापल्या वेगाने घेतलाय, त्यामुळे ज्या विद्यापीठात जायचंय त्याची त्या वर्षीची जाहिरात वाचण्याला पर्याय नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची पीडीएफ बहुतेक वेळा मागच्या वर्षीची असते.

आता यातली गंमत बघा. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापक व्हायला पीएचडी लागत नाही. नेट, सेट किंवा स्लेट पुरे. बातमी आली तेव्हा ‘पीएचडीची सक्ती गेली’ म्हणून अनेकांनी हुश्श केलं. पण यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत मुलाखतीला कोणाला बोलवायचं ते ठरवणारा एक तक्ता आहे. कॉलेजातल्या सहायक प्राध्यापकपदासाठी त्यात पीएचडीला २५ गुण आहेत, जेआरएफसह नेटला १०, नुसत्या नेटला ८ आणि सेटला ५. म्हणजे कागदावर पीएचडी ऐच्छिक, पण एका जागेसाठी ढीगभर अर्ज आले की पीएचडी नसलेला चाळणीतच गळणार. शिवाय पुढे सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर ती लागतेच. सक्ती दारातून गेली आणि खिडकीतून परत आली.

आणि जागा तरी कुठेत? महाराष्ट्रात अनुदानित कॉलेजांमधली पूर्णवेळ भरती वर्षानुवर्षं तुकड्या-तुकड्यांनी होतेय. मधली पोकळी तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक भरून काढतात. नेट झालेला, पीएचडी झालेला माणूस तासावर मोजून पैसे घेतो, ते पैसेही महिनोन्महिने उशिरा मिळतात, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मिळतच नाहीत. कॉमर्सच्या पोरांना हे कळत नाही असं नाही. कॉस्टिंगच्या पेपरात ‘अपॉर्च्युनिटी कॉस्ट’ची व्याख्या बरोबर लिहून दोन गुण मिळवलेलीच ही मंडळी. स्वतःच्या बाबतीत मात्र ते गणित मांडायचं राहून जातं.

ते मांडूया. जेआरएफ मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढची तीन वर्षं ४२,००० रुपये. पाच वर्षांचे झाले २४ लाख, घरभाडे भत्ता वेगळा. एमकॉमनंतर छोट्या शहरातल्या सीए फर्ममध्ये किंवा खासगी कंपनीच्या अकाउंट्स विभागात जो पगार सुरू होतो त्याच्या तुलनेत हे वाईट नाही, उलट बऱ्याच ठिकाणी जास्तच आहे. म्हणूनच अनेकजण पीएचडीकडे पाच वर्षांची नोकरी म्हणून बघतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण जेआरएफ नसेल तर चित्र पालटतं. मग बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिपवर भिस्त. तिथे काय झालं ते आठवत असेल. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधान परिषदेत पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार, अशा अर्थाचं विधान केलं आणि गदारोळ उडाला. त्याच महिन्यात फेलोशिपसाठी झालेल्या परीक्षेत जुन्या सेट परीक्षेचीच प्रश्नपत्रिका दिल्याचा आरोप झाला, जानेवारी २०२४ मध्ये परीक्षा पुन्हा घ्यावी लागली आणि तिच्यातही घोळ झाल्याच्या तक्रारी आल्या. जिच्यावर घरभाडं अवलंबून आहे ती फेलोशिप अशी लोंबकळत असेल, तर डोकं संशोधनात कसं लागणार?

त्या ‘दिवे लावण्या’च्या विधानावर सगळे तुटून पडले, आणि ते बरोबरच होतं. राज्यकर्त्याने संशोधकाला असं विचारू नये. पण आपल्या-आपल्यात, दार लावून, हा प्रश्न कॉमर्सवाल्यांनी स्वतःला विचारायला हरकत नाही.

शोधगंगा ही साइट उघडा. देशभरातल्या विद्यापीठांचे थीसिस तिथे फुकट वाचायला मिळतात. कॉमर्स, अकाउंटन्सी, फायनान्स असं टाका आणि शीर्षकं चाळत जा. ‘अमुक जिल्ह्याच्या विशेष संदर्भात तमुकचा अभ्यास’ हा साचा इतका घट्ट आहे की जिल्हा बदलला की नवा थीसिस तयार! म्युच्युअल फंडांबद्दल गुंतवणूकदारांचा दृष्टिकोन. डिजिटल पेमेंटबद्दल ग्राहकांचं समाधान. जीएसटीबद्दल व्यापाऱ्यांचं मत. तीन-चारशे लोकांना गुगल फॉर्म पाठवायचा, ‘पूर्णपणे सहमत’ ते ‘पूर्णपणे असहमत’ अशा पाच खुणा, मग कायस्क्वेअर आणि निष्कर्ष: जागृती वाढवण्याची गरज आहे. सगळेच थीसिस असे नाहीत, चांगलंही काम आहे. पण या साच्यातल्या कामात हिशेब कुठे असतो? नफा-तोट्याचं पत्रक, ताळेबंद, ऑडिट रिपोर्ट यातलं काही न उघडता अकाउंटिंगची पीएचडी पुरी होऊ शकते, ही या विषयाची खरी अडचण आहे.

जगात या विषयातलं संशोधन कुठून कुठे गेलं ते बघा. १९६८ मध्ये रे बॉल आणि फिलिप ब्राउन यांनी ‘जर्नल ऑफ अकाउंटिंग रिसर्च’मध्ये एक पेपर छापला. प्रश्न साधा होता: कंपनी वर्षाअखेर जो नफ्याचा आकडा जाहीर करते, तो शेअर बाजाराला काही सांगतो का? त्याआधी या विषयात वाद व्हायचा तो नफा ‘कसा मोजला पाहिजे’ यावर. या दोघांनी नफ्याचे आकडे आणि शेअरचे भाव शेजारी-शेजारी ठेवले. उत्तर निघालं की आकड्यात माहिती असते, पण त्यातली बहुतांश बाजाराला निकालाच्या आधीच कळलेली असते. आणि निकालानंतरही काही काळ भाव त्याच दिशेने सरकत राहतो. आधी एका नामांकित जर्नलने हा पेपर नाकारला होता. आज अकाउंटिंगच्या पीएचडीचं वाचन बहुतेक ठिकाणी त्याच्यापासून सुरू होतं. अमेरिकेतल्या चांगल्या विद्यापीठात किंवा आपल्या आयआयएममध्ये अकाउंटिंगच्या पीएचडीला गेलात तर पहिली दोन वर्षं जर्नल एंट्रीशी फारसा संबंध येत नाही. तिथे अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि इकॉनॉमेट्रिक्स घासून घेतात. अकरावीत मॅथ्स सोडलेल्यांनी हे आधीच ध्यानात ठेवलेलं बरं. बदल्यात फी माफ आणि स्टायपेंड मिळतो. जागा मात्र मोजक्याच.

हे वाचून ‘आपल्याकडे तेवढा डेटा कुठे?’ असं कोणी म्हणेल. अर्धं खरं आहे. भारतीय कंपन्यांच्या आर्थिक माहितीसाठी संशोधक सर्रास सीएमआयईचा ‘प्रोवेस’ हा डेटाबेस वापरतात. तो महाग आहे आणि अनेक विद्यापीठांच्या लायब्ररीत नाही. कॉमर्सच्या जेआरएफवाल्याला पहिल्या दोन वर्षांत पुस्तकं, प्रवास, डेटा अशा खर्चासाठी वर्षाला १०,००० रुपये मिळतात. त्यात काय काय बसणार? म्हणून गाइड ठरवायच्या आधी लायब्ररीत जाऊन कोणते डेटाबेस आहेत ते विचारा. या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढची पाच वर्षं अवलंबून असतात, आणि तो विचारणारे फार थोडे.

पण दुसरं अर्धं खरं नाही. महाराष्ट्रात हिशेबाचे असे प्रश्न पडलेत, जे शिकागोत बसून कोणालाही सोडवता येणार नाहीत.

सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले. सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. एकाच बांधकाम समूहाला दिलेलं प्रचंड कर्ज लपवायला २१ हजारांहून जास्त बनावट खाती दाखवल्याचं समोर आलं. बँकेचं दरवर्षी ऑडिट होत होतं. रिझर्व्ह बँकेची तपासणी होत होती. तरी ते वर्षानुवर्षं दिसलं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत तर तिजोरीतल्या १२२ कोटींच्या रोकडीचा हिशेब लागेना. म्हणजे कर्जाचं गुंतागुंतीचं मूल्यमापन वगैरे बाजूलाच राहिलं; तिजोरी उघडून नोटा मोजण्याचा प्रश्न होता! हे का दिसत नाही, कोणत्या टप्प्यावर दिसायला हवं होतं, ताळेबंदात आधीच्या वर्षांत काही खुणा होत्या का, हा ऑडिटिंगमधल्या पीएचडीचा विषय नाही तर काय आहे?

आता याहून बारीक, पण माझ्या मते याहून सुंदर प्रश्न. सहकारी संस्थांना आपल्याकडे ऑडिटचा वर्ग मिळतो: अ, ब, क, ड. पतसंस्थेच्या दारावर ‘ऑडिट वर्ग अ’ अशी पाटी अभिमानाने लावलेली असते, आणि ती बघून माणसं ठेवी ठेवतात. पुढे जाऊन बुडालेल्या पतसंस्थांना बुडण्याच्या आधीच्या पाच वर्षांत कोणता वर्ग मिळाला होता? एका जिल्ह्यापुरतं जरी कोणी हे काढलं, तरी त्या थीसिसचं एक पान हजारो ठेवीदारांच्या कामाचं असेल.

त्याला आणखी एक पदर आहे. २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात दुरुस्ती झाली आणि शासनाने मान्य केलेल्या पॅनेलमधून आपला ऑडिटर संस्थेनेच, सर्वसाधारण सभेत, नेमायचा असं ठरलं. ज्याची तपासणी व्हायची, त्यानेच तपासणारा निवडायचा. त्यानंतर ‘अ’ वर्ग वाढले का? ऑडिट रिपोर्टमधले शेरे सौम्य झाले का? जगभरातल्या अकाउंटिंगच्या जर्नलांमध्ये ऑडिटर स्वतंत्र असतो का, यावर ढिगाने पेपर छापून येतात. नियम एका ठरावीक वर्षी बदलला, आधीचं आणि नंतरचं ताडून बघता येतं, अशी संधी संशोधक शोधत फिरत असतात. आपल्या दारात ती पडलेली आहे.

माहिती कुठून आणायची? संस्थेच्या वार्षिक अहवालाच्या पुस्तिकेतून. त्यात ताळेबंद असतो, नफा-तोटा असतो, बऱ्याचदा ऑडिटरचे शेरे आणि दोष दुरुस्ती अहवालही असतो. साखर कारखान्यांचंही तेच. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी द्यायची आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज, असं कायदा सांगतो. ते थकीत व्याज कारखान्याच्या हिशेबात देणं म्हणून दिसतं का? गोदामातल्या साखरेची किंमत वर्षाअखेर कोणत्या दराने धरली, आणि त्याच साखरेवर बँकेकडून तारण कर्ज कोणत्या दराने उचललं? हे सगळं मराठीत छापलेलं असतं. शेतकऱ्याच्या घरी फडताळात, दुधाच्या हिशेबाच्या वह्यांखाली. इंग्रजी जर्नलं वाचणाऱ्यांना ते वाचता येत नाही आणि ज्यांना वाचता येतं ते गुगल फॉर्म पाठवत बसतात. अहवाल मिळाला नाही तर माहिती अधिकार आहे. सहकारी संस्था आपोआप या कायद्याखाली येत नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलंय, पण निबंधक कार्यालयाला कायद्याने जी माहिती मिळवता येते ती मागण्याची वाट त्याच निकालात मोकळी आहे. वेळ लागतो, चपला झिजतात. पाच वर्षं असतात ना हातात.

ज्यांना बाजारच आवडतो त्यांच्यासाठीही विषय समोर आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर बाजाराच्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. तिशीच्या आतल्यांचा वाटा एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेला. आणि लागोपाठ दोन वर्षं तोटा होऊनही पाऊणपेक्षा जास्त लोक खेळतच राहिले. सेबीकडे व्यवहारांचा डेटा आहे, म्हणून किती बुडाले हे सेबी सांगू शकते. का थांबत नाहीत, घरी काय सांगतात, पैसे कोणाकडून उसने आणतात, हे सेबीला स्क्रीनवर दिसत नाही. ते हॉस्टेलच्या खोलीत आणि तालुक्याच्या ‘ट्रेडिंग क्लास’मध्ये दिसतं. तिथे बसून वर्षभर काढायची तयारी असेल, तर प्रश्नावलीसुद्धा कामाची ठरते. प्रश्नावली वाईट नसते. प्रश्नच नसताना काढलेली प्रश्नावली वाईट.

पीएचडीच्या बाजाराबद्दल बोललंच पाहिजे. ‘सिनॉप्सिसपासून व्हायव्हापर्यंत संपूर्ण मदत’ अशा जाहिराती कोणाच्या मोबाइलवर आल्या नाहीत? पैसे टाकून पेपर छापून देणाऱ्या जर्नलांचा धंदा तर जुनाच. पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये यूजीसीच्या तेव्हाच्या मान्य यादीतल्या, विद्यापीठांनी सुचवलेल्या जर्नलांचा नमुना तपासला, तेव्हा सुमारे ८८ टक्के जर्नलं निकषात बसली नाहीत. त्यातून यूजीसी-केअर यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने तीही थांबवली. आता कोणतं जर्नल चांगलं ते विद्यापीठाने आणि तुम्ही ठरवायचं. जानेवारी २०२५ मध्ये राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांना पाच वर्षं पीएचडीचे प्रवेश द्यायला यूजीसीने बंदी घातली. दोन-तीन लाखांत ‘लांबून’ पीएचडी मिळवून देतो म्हणणारे एजंट आपल्या जिल्ह्यांतही फिरतात. कॉमर्सच्या माणसाने तरी त्याला पावती मागावी.

सीए झालेल्यांसाठी एक वेगळी वाट आहे. यूजीसीने २०२१ मध्ये सीए, सीएस आणि कॉस्ट अकाउंटंट या पात्रता पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीच्या मानायला मान्यता दिली, त्यामुळे एमकॉम न करताही नेट आणि पीएचडीचा विचार करता येतो. ऑडिट आतून बघितलेला माणूस वरचे प्रश्न एमकॉमवाल्यापेक्षा जास्त टोकदार विचारू शकेल. फक्त तो येत नाही, कारण त्याच्या फीपुढे ३७,००० काहीच नाहीत. मात्र प्रॅक्टिस सांभाळून पार्टटाइम पीएचडी करणारे काही जण आता दिसू लागलेत.

आणि येणारी बॅच. राज्यातल्या संलग्न कॉलेजांमध्ये २०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. चार वर्षांचं बीकॉम ७५ टक्क्यांनी पूर्ण करणाऱ्याला एमकॉमशिवाय थेट पीएचडीला जाता येईल. म्हणजे बावीस वर्षांची मुलं-मुली २०२८ च्या सुमारास दार ठोठावणार. त्यांना गाइड कोण देणार? नियमाने सहायक प्राध्यापकाला एका वेळी ४, सहयोगीला ६ आणि प्राध्यापकाला ८ विद्यार्थी घेता येतात. पूर्णवेळ प्राध्यापकांची भरतीच रखडलेली, जुने निवृत्त होताहेत आणि तासिका तत्त्वावरच्यांना गाइडशिप मिळत नाही. त्यामुळे ‘मॅडम, तुमच्याकडे जागा आहे का?’ हा प्रश्न विषयाच्या आधी विचारला जातो, आणि ज्यांच्याकडे जागा आहे त्यांचा विषय आपला म्हणावा लागतो. यावर एक छोटासा उपाय आहे. रिकाम्या हाताने जाऊ नका. आपल्या तालुक्यातल्या दहा पतसंस्थांचे पाच-पाच वर्षांचे अहवाल गोळा करून, ते एक्सेलमध्ये भरून मग गाइडसमोर बसा. बोलणं वेगळ्याच ठिकाणाहून सुरू होतं.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्याव्या लागतात. त्याच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत अहवालाच्या पुस्तिका घरोघरी येतात आणि दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात.